येतो म्हणा

“झोप झाली?” मोटरसायकलने विचारलं.

“झाली,” केळसकर म्हणाले. इंजिन बंदच राहिलं.

“थाप मारलीत की ती हलायची नाही,” त्यांची बायको सुमेधा दारातून हसली. “खरं सांगा तिला.”

“पाचच तास झोपलो.” इंजिन धडधडलं. “जातो गं.”

सुमेधाचं हसू मावळलं. ऑफिसला निघताना ते रोज ‘येतो’ म्हणत. शिवाय एरवी फक्त लांबच्या सहलीला लावायच्या पेट्या आज गाडीच्या दोन्ही बाजूंना होत्या. तिने पुढे होऊन लाल बटण दाबलं. इंजिन थांबलं.

“पेट्या कशाला?”

“रेनकोट आहे त्यात.”

“डिसेंबरात?” ती गाडीकडे बघत म्हणाली. “बरं. ‘येतो’ म्हणा आणि निघा.”

केळसकरांनी हेल्मेटची काच खाली ओढली.

“येतो,” ते म्हणाले आणि त्यांनी लाल बटण पूर्ववत करून स्टार्टर दाबला.

इंजिन बंदच राहिलं.