मिटलेलं पुस्तक

"यानं बी जहाज बुडाडं ना, ते मी उठी जासू," गजराबाई बाकावर टेकता टेकता म्हणाल्या. तळोद्याच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांत त्या थोरल्या, म्हणून कोणी हसलं नाही. हसू मात्र सगळ्यांनाच आलं.

जहाजाला कारण होतं व्यासपीठावरचं जाडजूड पुस्तक. उपदेश कसा करावा हे शिकवणारं, मिशनऱ्यांच्या काळातलं. त्यातला साचा ठरलेला: तीन मुद्दे, वादळात सापडलेलं जहाज, शेवटी डोळ्यांना रुमाल. मावळते पाळक मगनसाहेब यांनी त्यावर सारी नोकरी काढली. त्यांनी बुडवलेल्या जहाजांनी एव्हाना तापी तुंबली असती.

रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी तिघे उमेदवार होते. रीतीप्रमाणे प्रत्येकाला चाचणीच्या उपदेशासाठी पुस्तक आठवडाभर घरी न्यायला मिळालं. पहिल्या दोघांनी इमानेइतबारे जहाज बुडवलं. आज तिसरा, नवनीत. नापास झाला तर लोणखेड्याच्या खताच्या दुकानात पुन्हा पोती मोजायची.

त्याने पुस्तक उघडलं. पान पाहिलं. थांबला. मग एका हाताने ते फटकन मिटून बाजूला सारलं.

"आज पुस्तक नको. आपल्या माणसांचं बोलू."

बाकं करकरली. पहिल्या बाकावर मगनसाहेबांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलताना दिसले.

नवनीतने डोंगरातली जीप सांगितली. गच्च भरलेली, चढावर दम तोडलेली. टपावरचे म्हणतात आतल्यांनी उतरा, आतले म्हणतात टपावरच्यांनी. शेवटी एक बाई लेकरू कडेवर घेऊन मुकाट उतरली, तेव्हा जीप चढली.

"आपण वर जावं म्हणून प्रभू असाच खाली उतरला."

गजराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पंचांना ठरवायला उठून आत जावंही लागलं नाही, जागच्या जागी एकमत झालं.

"हाऊच आपला पाळक!" गजराबाई ओरडल्या. "ते पुस्तक गयं आते कपाटमा!"

ढोल वाजला. नवनीतच्या गळ्यात हार पडले. मगनसाहेब पुस्तक उचलून मागच्या खोलीत गेले. "बिचारे," कोणीतरी म्हणालं.

नवनीत त्यांच्यामागे धावला. "साहेब, राग नाही ना?"

मगनसाहेब रुमालाने पुस्तकावरची धूळ पुसत होते.

"जहाजाची जीप झकास केलीस, बेटा. पण शेवटच्या प्रकरणात पुस्तक दोन्ही हातांनी मिटून बाजूला सारायला सांगितलंय. माझ्या निवडीला मी तसंच मिटलं होतं."