एकटा उभा असला तर

"एक," नास्तास्या पक्षी मोजत रेकॉर्डरमध्ये म्हणाली. "आणि तिकडे, तळ्याकाठी, जोडी."

विमान इतकं खाली होतं की गवतातला रानहंस मान तिरकी करून वर बघताना दिसत होता. उडाला मात्र नाही.

"एकटाच आहे बिचारा," वैमानिक डेल म्हणाला. या दलदलीवरचा त्याचा पहिलाच उन्हाळा.

"बिचारा कसला! बायको अंड्यांवर बसलीय. ती गवतात अशी चपटी होते की वरून दिसायचीच नाही. म्हणून एकटा नर दिसला की हिशेबात दोन धरायचे."

"आणि खरंच एकटा असला तर?"

"तर आपला आवाज ऐकून कधीच उडाला असता. राखायला काही नसेल तर कोण कशाला उभं राहील?"

नदीच्या वळणावर बाबांचा तंबू दिसला आणि तिची मस्करी आटली. आई गेल्यापासून वासिलीबाबा दर वसंतात या मासेमारीच्या तळावर एकटेच येऊन राहायचे. यंदा भावाने, मोझेसने, बेथेलच्या वृद्धाश्रमात खोली धरली होती. म्हाताऱ्याला आजच उचलून आण, असं त्याने तिला बजावलं होतं. तिच्या सासूबाई ओलिंका तेवढ्या आडव्या आल्या. "राहू द्या की त्यांना त्यांच्या जागी," असं पुटपुटून, नास्तास्याने शिवलेला नवा जांभळा कस्पेक झगा अंगात चढवून त्या दात बसवायला बेथेलला निघून गेल्या होत्या.

विमान पाण्यावर टेकलं. बाबा तंबूच्या दारात उभे होते. एरवी दोर धरायला धावत येणारा माणूस जागचा हलला नाही. गुडघे गेले असणार, नास्तास्याला वाटलं.

"बाबा, चला आता. मी आत जाऊन सामान बांधते."

"आत कशाला? डासांसाठी धूर केलाय. डोळे जातील तुझे. बस इथंच."

त्यांनी मागे न बघता पडद्याआड हात घातला आणि अकुताकचा वाडगा काढून तिच्यापुढे धरला. चरबी अशी फेटलेली की जिभेवर विरघळली. बोरंही सढळ हातानं घातलेली.

"हे तुम्ही केलंत? तुम्हाला साधा चहा जमत नव्हता!"

"शिकतो माणूस."

तिने त्यांना नीट न्याहाळलं. शर्टाची कोपरं बारीक टाक्यांनी सांधलेली, केस कापलेले, गाल भरलेले. तिने वाडगा बोटानं पुसून रिकामा केला.

"मोझेसला सांगते, खोली सोडून दे म्हणून. तुम्ही राहा इथंच."

बाबांनी एवढा मोठा श्वास सोडला की डेललाही हसू आलं.

"पण करमतं ना हो एकट्याला?"

"करमतंय की," बाबा नदीकडे बघत म्हणाले.

विमान उडालं, तंबूवरून एक घिरटी घेतली. नास्तास्याने हात हलवला. कित्येक महिन्यांनी तिला इतकं हलकं वाटत होतं.

"अजून तिथंच उभे आहेत बघ," डेल म्हणाला. "हा एकच धरायचा ना?"

"एकच," ती हसत म्हणाली.

तेवढ्यात तंबूचा पडदा सरला आणि जांभळा कस्पेक बाबांच्या शेजारी येऊन उभा राहिला.