मिनिटभर उशिरा

"तो रेडिओवाला आपल्या बेकरीवर बहिष्कार घाला म्हणतोय. लिंक पाठवलीय, ऐका." रत्नागिरीहून बायकोचा मेसेज आला.

मी सौदीतल्या तबूक शहरातल्या खोलीत जेवण वाढत होतो. "भाऊसाहेब, या, मटण गार होतंय," मी हाक मारली. अकरा वर्षं माझ्यासोबत राहणारे भाऊसाहेब बाल्कनीतला फोन संपवून ताटावर बसले. "गफूरभाई, झकास झालंय!"

मी लिंक उघडली. ऑनलाइन कार्यक्रम मिनिटभर मागे चालतो.

"आता थेट सौदीहून एक श्रोते!" निवेदक गरजला.

"यांच्या हातचं खाऊसुद्धा नका," श्रोता म्हणाला. त्याच्या मागून माझाच आवाज आला, "भाऊसाहेब, या, मटण गार होतंय."

त्यांचा घास तोंडातच राहिला.

"गिळा," मी म्हणालो. "माझ्याच हातचा आहे."