परवडणारं घड्याळ

"यात ती कुठे आहे ते मला दिसेल ना?" त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

घड्याळांच्या काउंटरवरच्या बाईने न कंटाळता मान हलवली. खेळाच्या सामानाच्या या दुकानात तिला नऊ वर्षं झाली होती. धावण्यासाठी जीपीएस घड्याळ घेणारी गिऱ्हाइकं दोन प्रकारची, हे तिला पाठ होतं. काही धावायला लागण्याआधीच सगळ्यात महागडं घेतात आणि पंधरा दिवसांत कपाटात टाकतात. काही दोन वर्षं घाम गाळल्यावर स्वस्तातलं मागतात. दुसऱ्यासाठी घेताना इतका जीव लावून विचारणारा माणूस विरळाच.

पन्नाशीला टेकलेला, इस्त्रीचा शर्ट, हलका आवाज. घड्याळ बायकोसाठी हवं होतं.

"डॉक्टरांनी सांगितलं म्हणून धावायला लागली," तो म्हणाला. "पाच महिने झाले. रोज पहाटे मी सोबत जातो. मैदानाच्या फाटकापाशी बाकावर बसतो. पण सोमवारपासून माझी पहाटेची पाळी लागतेय. तिला एकटीला सोडायचं म्हणजे जीव टांगणीला लागतो हो, ताई."

"मैदान बरं नाही का?"

"बरं आहे. पण मागच्या बाजूला झाडी आहे, तिथे ती दिसेनाशी होते. दोन मिनिटंच. तेवढ्यातही नको नको ते मनात येतं." तो ओशाळून हसला. "मन चिंती ते वैरी न चिंती."

बाईही हसली. तो मात्र लगेच गंभीर झाला.

"एकदा हरवली होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा. भाजी आणायला म्हणून गेली आणि दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर सापडली. रस्ता चुकली बिचारी. त्या रात्री मी मेलो होतो, ताई. तेव्हापासून तिला डोळ्यांआड होऊ देत नाही."

त्याचे डोळे खरोखरच भरून आले. बाईने त्याला पाण्याचा ग्लास दिला आणि तीन घड्याळं काचेवर मांडली.

पहिलं अगदी साधं. अंतर, वेळ, वेग आणि धावलेल्या रस्त्याचा नकाशा. दुसरं हृदयाचे ठोके मोजणारं. ते दाखवून ती थांबली, तर गल्ल्यावरून मालकांचा आवाज आला, "साहेबांना ते तिसरं, भारीतलंही दाखवा की."

त्याने तिसरं घड्याळ हातात घेतलं, फिरवून पाहिलं. "हेच द्या. पैशाचं काही नाही. तिच्या जिवापुढे पैसा काय?"

महागडं घड्याळ कुणाच्या गळ्यात मारणं बाईच्या जिवावर यायचं, आणि मालकांशी त्यावरून तिचे नेहमीच खटके उडत.

"यात सिम बसतं," ती म्हणाली. "घड्याळावरूनच फोन करता येतो."

"कोणाला?"

"कोणालाही."

त्याने घड्याळ हळूच काचेवर ठेवलं. "तिला कोणाला फोन करायचाय? घरात माझा एक फोन आहे, तो दोघांना पुरतो. आपलं ते पहिलंच बरं."

"पहिलं चांगलं आहे. मी स्वतः तेच वापरते."

तिने आपला फोन काढून सकाळचा नकाशा त्याच्यासमोर धरला. "हे माझं आजचं धावणं. इथून निघाले, इथे वळले. इथे बुटाची नाडी बांधायला थांबले."

त्याने फोन जवळ ओढला. त्या निळ्या रेघेवरून तो बराच वेळ बोट फिरवत राहिला.

"थांबलेलंही दिसतं?"

"किती वेळ थांबलात तेसुद्धा."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. पट्टा पक्का आहे का, ते त्याने दोनदा ओढून पाहिलं. "वेंधळी आहे हो फार," तो म्हणाला. बाईने घड्याळ त्याच्या फोनशी जोडून दिलं आणि डब्यात नीट भरलं.

"तिनेच हे दुकान सांगितलं," पिशवी घेताना तो म्हणाला. "इथे फसवत नाहीत म्हणे."

"नाही फसवत," बाई म्हणाली.

तो गेल्यावर मालकांनी कपाळाला हात लावला. हातातोंडाशी आलेला घास आपणच कसा घालवायचा हे कोणी तुमच्याकडून शिकावं, असं ते म्हणाले. ज्याला जे परवडतं तेच द्यावं, एवढंच बोलून ती काच पुसू लागली.

सोमवारी पहाटे फाटकापाशी बाक रिकामा होता. दुकानातली बाई नेहमीसारखीच मैदानावर आली. पण आज तिच्या खांद्याला एक भरलेली बॅग होती आणि ती झाडीमागे थांबून राहिली. थोड्याच वेळात त्याची बायको धावत आली. पाच महिने रोज या दोन-दोन मिनिटांत, पळता पळता, एका वेळी एकेक वाक्य बोलून दोघींनी सगळं ठरवलं होतं.

बायकोच्या मनगटावर नवं घड्याळ होतं. ती धापा टाकत होती आणि घाबरलेली होती.

"कामावर जाताना फोन हातात धरूनच निघाला," ती म्हणाली. "मी कुठे जाते ते बघत बसला असेल. किती वेळ आहे माझ्याकडे?"

"तू हे घड्याळ घेऊन त्याच्या फोनपाशी परत जाशील, तेव्हाच त्याला तुझा रस्ता दिसेल," बाई म्हणाली, आणि तिने बॅग आणि बसचं तिकीट तिच्या हातात दिलं.