नारळावर हात

उकंडराव एका मतानं पडले. तसं पाहिलं तर पडली होती त्यांची बायको, तुळसाबाई. ग्रामपंचायतीत वार्डाची जागा बाईसाठी सुटलेली, उमेदवार तीच. पण बॅनरवर तिच्यापेक्षा नवऱ्याचा फोटो मोठा होता आणि महिनाभर ती नुसत्या कार्यकर्त्यांच्या भाकरी थापत होती. त्यामुळे उकंडरावच पडले, असंच अख्खं गाव म्हणत होतं.

मंगरूळपीरहून मतमोजणी आटोपून ते दिवस मावळायच्या आत परतले. गुलालाचं पोतं जीपमध्ये तसंच बांधलेलं. चहा नाही, पाणी नाही; मारोतीच्या देवळातून नारळ उचलून आणला, ताटात हळदीकुंकवावर ठेवला आणि ताट तुळसाबाईच्या हातात दिलं.

"चाल माह्या मांगं मांगं. गल्लीतलं एक एक घर घेतो. दोनशे अकरा अन् दोनशे बारा! कोन्या हरामखोरानं दगा देल्ला, ते आता मारोतीच सांगन."

माणसं आपापल्या ओट्यावर येऊन उभी राहिली. रामराव नारळावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्याच कपाटावर दाबलं, देवाशपथ." कपाट हे उकंडरावांचं चिन्ह. मग धनराजनं हात ठेवला, त्याच्या म्हातारीनं ठेवला. प्रत्येक हात टेकला की ताट जरासं खाली जायचं आणि तुळसाबाई ते पुन्हा वर उचलून धरायची. दगा कोणी दिला ते साऱ्या गावात एकट्या तिलाच ठाऊक होतं. तिनंच दिला होता.

बटणांसमोर उभी राहिली तेव्हा तिच्या मनात काही पाप नव्हतं हो. वर कपाट आणि त्याच्या खाली विरोधी पॅनलची शिलाई मशीन. बारा वर्षं ती नवऱ्याकडे शिलाई मशीन मागत होती आणि बारा वर्षं "पाहू" एवढंच ऐकत होती. चित्र इतकं नीट काढलेलं, चाकासकट! बोट आपसूक तिथं गेलं. शिट्टी वाजली तेव्हा बाई भानावर आली. आता काय करता, बोलून चालून बाण सुटलेला.

गल्लीतलं शेवटचं घर शेषराव आणि लिलाबाईचं, उकंडरावांच्या भिंतीला भिंत लागून. लिलाबाई साऱ्या गल्लीचे ब्लाउज शिवायची, त्यावरच तिचं घर चालायचं. विरोधकांचं चिन्ह शिलाई मशीन निघालं यात तिचा काय दोष? पण प्रचार लागला त्याच दिवशी उकंडरावांनी तिला बजावलं होतं, "तुही मशीन खडखडते अन् त्यायचा फुकटात प्रचार होते. बंद ठेव." शेजार मोडू नये म्हणून त्या माउलीनं ऐन लग्नसराईत महिनाभर मशीनवर चादर टाकली होती.

"ठेव हात, लिलाबाई."

लिलाबाईचे हात पदराखालून निघाले नाहीत. "नारळावर नाई ठेवत, भाऊ. आमच्या सासऱ्यानं छप्पन साली हे सारं सोडलं. बाबासाहेबाची शपथ घेऊन सांगतो, मी कपाटच दाबलं. शेजार पाह्यला आमी. घटनेचं पुस्तक हाय घरात, त्याच्यावर ठेवतो हात."

"पुस्तकावर कोनीबी ठेवन! साऱ्यायनं नारळावर ठेवला, तुलेच काहून जड होऊन राह्यलं?" उकंडराव गल्लीकडे वळले. "पाह्यलं? सापडला चोर. उद्यापासून हिच्याजवळ एक बिलाऊज टाकाचं नाई. जे बाई टाकन, तिच्या घरच्यानं माह्या दाराशी येऊ नाई."

आता मशीन उघडणार म्हणून काल ज्यांनी लिलाबाईकडे मापं दिली होती, त्या बायासुद्धा जमिनीकडे पाहत राहिल्या. शेषराव तणतणत पुढे सरकला, तर लिलाबाईनं त्याला हातानंच थोपवलं.

"अहो," तुळसाबाई म्हणाली आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "लिलाबाईनं नाई देल्ला दगा."

"तुले काय मालूम?"

सारी गल्ली तिच्याकडे पाहू लागली. लिलाबाईही. सांगायचं ते एवढंसं होतं: मी दाबलं. पण ते बोलल्यावर रात्री परतायचं कुठं? या माणसाच्या दाराशिवाय तिला दुसरं दार नव्हतं.

"नाई... मले काय मालूम असन."

"मंग गप राह्य ना! तुले काय समजते राजकारनातलं!"

उमेदवार गप्प झाली.

लिलाबाई तिच्याकडे पाहतच होती. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग ती म्हणाली, "वहिनी, तुमचं बिलाऊज अर्धं राह्यलं हाय. तेवढं आजच पुरं करून देतो." आणि आत निघून गेली.

लिलाबाईचं घर सोडलं तर साऱ्या गल्लीचे हात लागले होते. ताट धरणारीला कोणी विचारलंच नाही. तुळसाबाईनं नारळ घरात नेऊन देवापुढे ठेवला आणि ती चुलीपुढे येऊन बसली.

भिंतीपलीकडे महिन्याभरानं मशीन सुरू झाली. खडखड, खडखड.

"पानी आन वो!" ओट्यावरून उकंडराव ओरडले.

तिला उठवेना. तिचा उजवा पाय जमिनीवर त्याच तालात खालीवर हलत होता. बोटाला शाई असलेल्या हातानं तिनं तो गच्च दाबून धरला.