तहानेची ओळख

गच्चीवर पाऊल ठेवताच यामिनी थबकली. चार दिवसांपूर्वी तिने भाताच्या सगळ्या टबांचे पाणी एकदमच बंद केले होते. या उन्हात आतापर्यंत प्रत्येक पानाची सुरळी व्हायला हवी होती. बहुतेकांची झालीही होती. कोपऱ्यातल्या दोन टबांतली पाने मात्र हिरवीगार, ताठ आणि उघडी होती.

"आई! यांना पाणी कोणी घातलं?"

शशिकलाबाई खाटेवर पापड उलटत होत्या. "कसम से, थेंब नाही घातला कोणी. तूच तर दम देऊन ठेवलास."

यामिनीने मातीत बोट खुपसले. ओल लागली, तर प्रबंधाचे अख्खे वर्ष वाया जाणार होते. बोट कोरडे बाहेर आले. नखात राखेसारखी माती. दुसऱ्या टबातही तेच.

"नीट आठव. या दोघांचं आधी काही वेगळं झालं होतं?"

शशिकलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. पंढरीनाथ भिंतीच्या सावलीत गुडघे जवळ घेऊन बसले होते. सांवेर रोडच्या उद्योगवसाहतीतला, ते कामाला जात तो कारखाना सोमवारीच बंद झाला होता.

"सांगून टाका आता," त्या हसल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "तू ट्रेनिंगला गेली होतीस ना, तेव्हा माझी खाट या दोन टबांवर होती. पापडांवर शिंतोडे उडतील म्हणून यांनी खाली पाणीच नाही दिलं. पानं झाली सुतळीसारखी! मग घाबरून रोज बादली-बादली ओतत बसले. परत टवटवीत झाली, तर म्हटलं, पोरीला कशाला सांगा."

"रागावू नको, बेटा," पंढरीनाथ पुटपुटले.

"रागावू? बाबा, या रोपांनी एकदा तहान सोसलीय! तेव्हा आतली जनुकं जागी झाली असणार. म्हणून तर या वेळी पहिल्या झळेलाच ती कामाला लागली. बाकीची रोपं अजून चाचपडतायत!" ती कात्री शोधू लागली. "पण हे लॅबमध्ये दिसायला हवं. सगळ्या टबांतली पानं आत्ताच्या आत्ता बर्फात घालून न्यायला हवीत. बर्फ कुठून आणू?"

"थर्मास दे," म्हणत पंढरीनाथ उठले. खाली सायकलचे स्टँड खाडकन वाजले.

शशिकलाबाई जिन्याकडे पाहत राहिल्या. "मागे यांची पहिली नोकरी गेली, मिल बंद झाली, तेव्हा यांना खाटेवरून उठवता उठवता वर्ष गेलं होतं."

यामिनीचे लक्ष नव्हते. तिची कात्री भराभर चालत होती.

थोड्याच वेळात पंढरीनाथ धापा टाकत वर आले. हात ग्रीसने काळे, थर्मास बर्फाने गच्च.

"घे. आणि ऐक, बर्फाच्या कारखान्यात मशीन अडून बसली होती. म्हटलं, भिया, सरको, मी बघतो. पट्टा कसून दिला. मालक म्हणाला, कल से आ जाओ."

कोपऱ्यातल्या उघड्या पानापाशी यामिनीची कात्री थांबली. तिने त्या पानाकडे पाहिले, मग बाबांकडे.