विहिरी आणि मेंबर

"मॅडम, स्लाइडवर मेंबरांचे फोटो कुठायत?" ग्रामसभा सुरू होण्याआधीच उपसरपंच फुगून बसले.

"अहो, गाव जुलाबानं हैराण झालंय. आरोग्य केंद्रात माझ्याकडे एकही खाट रिकामी नाही. विहिरींच्या पाण्याबद्दल बोलायचंय, त्यात फोटो कशाला?"

"बॅनरवर असतात, मग इथं का नकोत? बरं दिसतं का ते?"

मी कपाळावर हात मारला. मागच्या सभेतही हेच. सगळ्यांचे फोटो, पदं, शुभेच्छा दाखवता दाखवता विहिरींची पाळी येईपर्यंत लोक चहाला उठले होते. डोक्याला नुसता ताप!

या वेळी वाद घातला नाही. तिथंच लॅपटॉप उघडला आणि प्रत्येक विहिरीशेजारी त्या वॉर्डाच्या मेंबरचा फोटो लावून टाकला.

पडद्यावर पहिली विहीर आली. हिरवं शेवाळ, तरंगणारी चप्पल आणि शेजारी हात जोडून हसणारे मेंबर. खाली ठळक अक्षरांत, 'पाणी पिण्यास अयोग्य'. सभेत खसखस पिकली. दुसरी विहीर, दुसरे मेंबर. एरवी पेंगणारी माणसं पुढे सरकली. "आमच्या विहिरीवर कोण हाय? दावा की!" मागून बायका ओरडल्या.

उपसरपंच घाम पुसत माझ्याजवळ आले. "मॅडम, तेवढी माझी स्लाइड गाळा. आत्ताच्या आत्ता माणूस धाडतो, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायला."

"जरूर धाडा," पुढचं बटण दाबत मी म्हणाले. "पाणी स्वच्छ झालं की विहिरीचा नवा फोटो लावते. तुमचा हाच राहू दे, छान आलाय."